अकराव्या ओळीवरची सही

प्रिय ठमे,

ठप्प. मग थोडी शांतता, आणि पुन्हा ठप्प. हल्ली दुपारी जरा डोळा लागला की हा आवाज कानात येतो आणि मी दचकून उठून बसतो. साठ वर्षांपूर्वीचा आवाज आहे हा. तेव्हा मी सतरा वर्षांचा, मास्तर व्हायला अजून अवकाश होता. शाळेच्या कचेरीत हाताखालचा कारकून म्हणून लागलो होतो. शाळा उघडायच्या दिवशी आया आपापली पोरं पुढे ढकलत व्हरांड्यात रांग लावायच्या. हेडमास्तर विचारायचे, "जन्म कधीचा?" एखादी म्हणायची, "पूर आला होता ना, त्याच्या आदल्या वर्षी." दुसरी म्हणायची, "माझ्या धाकट्या जावेला दिवस होते तेव्हा." हेडमास्तर चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "मार रे शिक्का." माझ्या हातात तारखेचा रबरी शिक्का, त्याचं वर्षाचं चाक सहा घरं मागे फिरवून ठेवलेलं. दिवस आणि महिना मात्र त्याच दिवसाचा. ठप्प. पोर सहा वर्षांचं झालं. एका सकाळीत मी सत्तर-ऐंशी माणसं जन्माला घालायचो आणि संध्याकाळी बोटांची शाई धुताना स्वतःवरच खूश व्हायचो.

त्या रांगेतल्या पोरांत तुझी आई होती, हे तुला ठाऊक आहेच. शिक्का मारताना म्हणे ती माझ्याकडे टक लावून बघत होती. मला काही आठवत नाही, आणि तसं कबूल केलं की ती दोन दिवस रुसायची. शाळा उघडायचा दिवस हाच आयुष्यभर तिचा वाढदिवस. सकाळी तुझा फोन यायचा, तो ठेवला की ती पदराला हात पुसत म्हणायची, "अहो, जन्म माझा आणि तारीख तुमची. खरा दिवस कोणता ते आता वर गेल्यावरच विचारीन." गेली खरी विचारायला. आठ महिने झाले.

इकडची खबर विचारशील तर घर आहे तसंच आहे. तिच्या कपाटाला मी हात लावलेला नाही. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत, त्यातल्या निम्म्या खोट्या. डाळीच्या डब्यात साखर आणि साखरेच्या डब्यात तिचे चोरून ठेवलेले पैसे. मी रोज चुकीचा डबा उघडतो आणि रोज तिच्यावर चिडतो, तेवढ्याच वेळापुरती ती घरात असल्यासारखी वाटते. शेजारच्या शिंपीणबाई दिवसाआड डोकावतात. परवा म्हणाल्या, "मास्तर, शर्टाची बटणं एक घर खाली लागलीत." आरशात बघितलं तर खरंच. वर्गात मुलांना सकाळच्या उन्हावरच्या कविता शिकवताना माझा आवाज भरून यायचा आणि मागच्या बाकावरची पोरं हसायची. आता तेच ऊन खिडकीतून येऊन तिच्या रिकाम्या खुर्चीवर बसतं, आणि मला एक ओळ सुचत नाही.

मागे फोनवर तू म्हणालीस, आईशिवाय त्या घरात पाऊल टाकवत नाही, मी बसस्टँडसमोरच्या लॉजवरच उतरेन. मी "बरं" म्हणालो. फोन ठेवल्यावर मला वाटलं, बरंच झालं. आपल्या लेकीनं घरी येऊ नये असं ज्या बापाला वाटतं, त्याच्या मनात काहीतरी सडत असतं, ठमे. ते काय, हे सांगायलाच बसलोय, पण जरा आजूबाजूनं येऊ दे. मी तास सुरू करतानाही कधी थेट धडा उघडला नाही.

तुला नोकरी लागली तेव्हाची गोष्ट आठवते? लिफ्ट तपासायची नोकरी. तुझ्या आईला आधी वाटलं, ही दिवसभर लिफ्टमध्ये उभी राहून बटणं दाबणार. दुसऱ्याच महिन्यात तू रडकुंडीला येऊन फोन केलास. एका दहा मजली इमारतीचा मालक म्हणाला होता, "ताई, उन्हातान्हाच्या आलात, बसा, चहा घ्या, कागद तयार आहे, फक्त सही करा." तू चहा प्यायलीस आणि मग स्वतः लिफ्टमध्ये चढून तळापासून वरपर्यंत सात वेळा गेलीस. सातव्या खेपेला ती दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. पाऊण तासानं बाहेर काढल्यावर तू मालकाला म्हणालीस, "आता पाजा अजून एक चहा." साहेबांनी तुलाच झापलं, म्हणून तू रडत होतीस. मी तेव्हा फोनवर म्हणालो होतो, "बरोबर केलंस. सही म्हणजे आपण तिथं होतो, याची साक्ष." इतकं सुंदर वाक्य बोललो म्हणून नंतर ते वहीत लिहूनही ठेवलं. वही अजून आहे.

आता त्या दिवसाबद्दल. तुला सगळं पाठ आहे, तरी माझ्या बाजूनं एकदा सांगू दे. तिला दोन दिवस ताप होता. तरी चष्म्याची काडी बदलायला म्हणून एकटीच निघाली. मी म्हणालो, "मी येतो." ती म्हणाली, "तुम्ही आलात की दुकानदाराशी कवितेवर बोलत बसता, माझी काडी राहते बाजूला." दुकानाच्या पायरीवर तिला भोवळ आली. चष्मेवाल्यानं बिचाऱ्यानं रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं तिला याआधी कधी पाहिलेलं नव्हतं, पण पर्समधलं ओळखपत्र घेऊन कंप्युटरवर तिचे कागद उघडले. आरोग्य माहिती केंद्र त्यासाठीच तर निघालं. साऱ्या परिसरातल्या दवाखान्यांचे कागद एका ठिकाणी जोडायचे, म्हणजे माणूस कुठंही पडला तरी त्याचा सगळा इतिहास डॉक्टरच्या पुढ्यात. पडद्यावर लिहिलं होतं, कोणत्याही औषधाचं वावडं नाही. डॉक्टरनं इंजेक्शन दिलं. तू दहावीत असताना ज्या इंजेक्शननं तिचा गळा सुजून ती मरता मरता वाचली होती, तेच. मी पोचलो तेव्हा चष्मेवाला बाहेरच्या बाकावर नवी काडी बसवलेला चष्मा हातात धरून बसला होता.

डॉक्टरचा दोष नाही, हे तूच शोधून काढलंस. पडद्यावरचे ते कागद तिचे नव्हतेच, निदान सगळे नव्हते. नाव तेच, आडनाव तेच, गाव तेच आणि जन्मतारीख तीच असलेली दुसरी एक बाई आहे. यंत्राला चार गोष्टी जुळलेल्या दिसल्या, त्यानं दोघींना एक करून टाकलं आणि वावड्याच्या रकान्यात दुसरीचं उत्तर ठेवलं. आमच्या गावात हे आडनाव दर तिसऱ्या दारावर आहे, आणि त्या वयाच्या अर्ध्या गावाची जन्मतारीख एकच आहे. का, ते वर लिहिलंच आहे. तू केंद्राला विचारलंस, ती दुसरी कोण? त्यांनी लेखी कळवलं, रुग्णाचं नाव गोपनीय असल्यामुळे सांगता येत नाही. तू कागद आपटून म्हणालीस, "अहो, नाव तर माझ्या आईचंच आहे की!" त्या सगळ्या दिवसांत आपण दोघं तेवढं एकदाच हसलो. हसता हसता तू मांडीत तोंड खुपसलंस.

मग त्यांचं ठरलेलं उत्तर आलं. यंत्रानं जोडलेल्या नोंदींची तपासणी देखरेख समितीवर नागरिकांतून घेतलेल्या सदस्यानं, म्हणजे सदस्य क्रमांक तीन यांनी, नियमाप्रमाणे केलेली आहे, त्यांची सही आहे, सबब केंद्राकडून हयगय झालेली नाही. सोबत त्या पानाची प्रत, नाव काळ्या शाईनं झाकलेलं. तेव्हापासून तुझ्या तोंडी एकच. तीन नंबर. "बाबा, हा तीन नंबर मला भेटू दे एकदा. जास्त काही नाही, एवढंच विचारणार, पान वाचलं होतंस का रे?" आणि मी फोनच्या या टोकाला "हं" म्हणायचो.

त्या समितीची बैठक कशी व्हायची ते तुला सांगतो. दर तीन महिन्यांनी एक मंगळवार, केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावरची खोली, गुबगुबीत फिरत्या खुर्च्या. प्रत्येकापुढे पाण्याची बाटली, दोन टोकदार पेन्सिली आणि बशीत बिस्किटं. समिती केंद्रावर लक्ष ठेवायची, पण नेमलेली केंद्रानंच. परीक्षेला बसणाऱ्यानं आपला परीक्षक आपणच बोलावून आणावा आणि त्याला वर चहाही पाजावा, असा सगळा मामला. पण त्या खुर्चीत बसल्यावर हे खुपत नाही. अध्यक्ष मोठे डॉक्टर, हात जोडून उठून स्वागत करणारे. पहिल्याच बैठकीत एक सदस्य सहज म्हणाला, "साहेब, तारखेवर फार भिस्त ठेवू नका हं. आमच्याकडच्या जन्मतारखा आईनं नाही, शिक्क्यानं दिलेल्या आहेत." सगळे खो खो हसले. अध्यक्ष म्हणाले, "वा, हे लिहून ठेवायला हवं!" पण लिहिलं कुणीच नाही. इतिवृत्तात त्या जागी काहीच नाही. आणि तो सदस्य, आपला विनोद साधला या आनंदात, परत एकदा गंभीरपणे ते सांगायला उठला नाही. उठला असता तर यंत्राला पाचवी खूण विचारायला लावली असती. आईचं नाव, नाहीतर जुना पत्ता.

नोंदी तपासायचं काम असं, की छापील पानं यायची. डाव्या रकान्यात एक माणूस, उजव्या रकान्यात दुसरा. नावं, पत्ते, जुने आजार. दोघं खरंच एक आहेत का, हे ओळीओळीनं वाचून ठरवायचं, आणि दर दहा ओळींमागे एकाला फोन करून विचारायचं, "बाई, तुम्हीच का या?" तीन नंबरनं पहिल्या बैठकीत दोन पानं वाचली. दुसऱ्या बैठकीत एक. पुढे चहा येईपर्यंत खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघत बसायचा आणि चहा आला की सगळ्या पानांच्या तळाशी सह्या करायचा. फोन त्यानं एकदाही केला नाही. तुझ्या आईच्या पानावर, अकराव्या ओळीच्या अगदी शेजारी, समासात पेन्सिलीनं कवितेची अर्धी ओळ लिहिलेली आहे. झाडाला नवी पालवी फुटलीय, असं काहीतरी. तुला दिलेल्या प्रतीत समास कापलेला आहे, म्हणून ती तुला दिसली नाही.

मला कशी दिसली, हे आता तू विचारशील. ठमे, आई तुला फोनवर सांगायची ना, "बाबा कमिटीला गेलेत"? तुला वाटायचं वाचनालयाची कमिटी. ती महिन्याच्या पहिल्या रविवारी असायची. मंगळवारची ही दुसरी. जुना मास्तर, निम्म्या गावाला ओळखणारा, म्हणून त्यांनी मला मुद्दाम बोलावलं होतं. तुझ्या आईला केवढा अभिमान! मंगळवारी शर्टाला स्वतः इस्त्री करायची. आणि याहून वाईट एक गोष्ट आहे, तीही सांगून टाकतो. त्या इंजेक्शनची चिठ्ठी ती वीस वर्षं पर्समध्ये बाळगत होती, लाल शाईनं लिहिलेली, घड्यांवर फाटलेली. मीच म्हणालो, "टाक आता ते चिटोरं. सगळं कंप्युटरवर आहे, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला तुझा नवरा आहे." ती म्हणाली, "मग काय, निर्धास्त झाले." आणि माझ्यासमोर तिनं ती चिठ्ठी केराच्या टोपलीत टाकली.

अकराव्या ओळीच्या डाव्या रकान्यात तुझ्या आईचं नाव होतं. त्याखाली आपल्या घराचा पत्ता, आपला फोन नंबर. वाचली असती तर मी जागेवरून उठून ओरडलो असतो. फोन केला असता तर तिनंच उचलला असता.

इतके महिने गप्प का बसलो? भ्यायलो. आई गेली, आता तूही जाशील म्हणून भ्यायलो. अध्यक्षांचा दोनदा फोन आला. "मास्तर, तुम्ही निश्चिंत राहा. तुमचं नाव बाहेर येणार नाही, नियमातच आहे तसं. आणि तुमच्यावर एवढा घाला पडलेला, तुम्हाला कोण काय विचारणार?" मी त्यांना धन्यवाद दिले, ठमे. धन्यवाद! गप्पच राहिलो असतो मी, कदाचित मरेपर्यंत. पण गेल्या रविवारी तू थकल्या आवाजात म्हणालीस, "जाऊ दे बाबा. त्या तीन नंबरला तरी किती दोष द्यायचा? त्याला आई कुठे माहीत होती. त्याच्या दृष्टीनं कागदावरचं एक नाव." तू त्याला माफ करायला निघाली होतीस, आणि ते ऐकून माझ्या हातातून फोन सुटला. मी म्हणालो, रेंज गेली. रेंज गेली नव्हती.

उद्या अकराला तुझ्या तक्रार-अर्जाची सुनावणी आहे. केंद्र म्हणणार, तपासणी झालेली आहे, आणि ती सही खोडून काढणारं कुणीच नसल्यामुळे तुझा अर्ज तिथंच संपणार. म्हणून उद्या मी उठून उभा राहणार आहे आणि सांगणार आहे की सदस्य क्रमांक तीन मी आहे, मी पान वाचलं नाही, ते नाही आणि सुरुवातीची तीन सोडली तर इतरही नाहीत. माझ्या सहीखाली चारशेबारा जोड्या आहेत. त्यांच्यात आणखी किती बायकापुरुष एकमेकांच्या आजारात अडकून पडले असतील, मला ठाऊक नाही. पण मी हे बोललो की ती सगळी पानं त्यांना नव्यानं, एकेक करून तपासावी लागतील. केंद्रानं न नेमलेल्या माणसांकडून तपासा, एवढंही मी म्हणणार आहे. भर सभेत, परक्या माणसांच्या देखत, तुला हे पहिल्यांदा कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र. आत्ता जाऊन लॉजच्या काउंटरवर ठेवून येतो, तू उतरलीस की तुझ्या हाती पडेल. उद्या तिथं माझ्याशेजारी बसू नकोस, माझ्याकडे बघूही नकोस. तुझा प्रश्न मात्र विचार, तुला विचारायचा होता तसाच, 'रे' लावून. मी उत्तर देईन. माफी मागायला हे लिहिलेलं नाही; मागायची तिची राहून गेली, ती तुझ्याकडे कशी मागू?

तुझाच, अजूनही म्हणू देशील तर,
बाबा

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात दार वाजलं. मला वाटलं शिंपीणबाई. दारात एक म्हातारी उभी होती, काखेत दवाखान्याच्या कागदांची पिशवी, जिना चढून दमलेली. "मास्तर, तुम्ही नाही ओळखायचे. पण आम्हाला शाळेत तुम्हीच घातलं." मी बसवलं, पाणी दिलं. पाणी पिऊन ती एकदम हसायलाच लागली. म्हणाली, "औषधाच्या दुकानातला पोऱ्या म्हणतो, आजी, तुम्ही आठ महिन्यांपूर्वी वारलात, कंप्युटरवर आलंय, तुम्हाला गोळ्या देता येत नाहीत. तेव्हापासून सुनेच्या नावावर रक्तदाबाच्या गोळ्या खातेय बघा. केंद्रात चार हेलपाटे झाले. कुणीतरी म्हणालं, लहानपणापासून ओळखणाऱ्या जुन्या माणसाकडून लिहून आणा, की ही जिवंत आहे आणि ही तीच आहे. तेवढं द्याल का लिहून?" मी म्हणालो, देतो की. कोरा कागद पुढे ओढला, पेन उघडलं आणि नाव विचारलं.

ठमे, तिनं तुझ्या आईचं नाव सांगितलं.